व्हिएतनामचा इतिहास बदलायला गेले आणि पोती मोजत बसले

सुरुवात त्या फॉरवर्डपासूनच करायला हवी. तुम्हालाही आलेला असणार. व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांना कोणीतरी विचारतं की एवढ्याशा देशाने अमेरिकेला हरवलं कसं, आणि ते म्हणतात शिवाजी महाराजांचं चरित्र वाचलं आणि तसंच लढलो, मग त्यांचा कोणीतरी मंत्री रायगडावर येतो, मूठभर माती बॅगेत घालून नेतो, आणि खाली 'मराठी असाल तर पुढे पाठवा'. आमच्या घरच्या ग्रुपवर हे वर्षातून दोनदा येतं, एकदा शिवजयंतीला आणि एकदा राज्याभिषेकाच्या दिवशी. एका वर्षी मी 'याला काहीही पुरावा नाही हो' असं टाकलं तर आत्या दोन महिने माझ्याशी बोलली नाही. पण तेव्हा लक्षात आलं की आपल्याकडे व्हिएतनाम म्हणजे हा फॉरवर्ड आणि सिनेमातली हेलिकॉप्टरं, बाकी पाटी कोरी.

मागच्या वर्षी कॉलेजातल्या एका मित्राचा फोन आला, तो एक छोटा दिवाळी अंक काढतो, पदरचे पैसे घालून. म्हणाला यंदाचा विषय आहे 'असं झालं असतं तर', आणि पानिपतावर इतके लेख आलेत की विश्वासरावांना आता गोळी लागायचीच शिल्लक नाही, तू काहीतरी वेगळं दे, तीन हजार शब्द, गणपतीपर्यंत. मी पटकन बोलून गेले, व्हिएतनाम. म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंच आपल्या या वसाहतीत परत आलेच नसते आणि त्यांच्या जागी शेजारपाजारचं कोणीतरी असतं, चीन, सयाम म्हणजे आजचं थायलंड, नाहीतर आपण, तर काय झालं असतं. तो म्हणाला झकास. मी अकाउंट्समध्ये नोकरी करते, डोंबिवली ते फोर्ट रोज जाऊन-येऊन तीन तास, त्यामुळे वाचायला वेळ भरपूर, फक्त उभ्याने.

स्वतःला नियम एकच घातला होता, खिळा एकच काढायचा. एक गोष्ट बदलायची आणि मग काय काय कोसळतं ते बघायचं, दुसऱ्या खिळ्याला हात लावायचा नाही. हा नियम मी पुढे मोडलाच, ते सांगतेच.

आधी खरं काय झालं ते वहीत उतरवलं. महायुद्धात जपान तिथे १९४० पासून होता पण कारभार फ्रेंचांकडेच ठेवला होता. ९ मार्च १९४५ ला रात्रीत जपान्यांनी फ्रेंचांना कैद केलं, सम्राट बाओ दाईंनी दोन दिवसांत स्वातंत्र्य जाहीर केलं आणि त्रान त्राँग किम नावाचे एक इतिहासाचे अभ्यासक, शिक्षकी पेशातले वयस्कर गृहस्थ, पंतप्रधान झाले. ऑगस्टमध्ये जपान शरण गेला, त्या पोकळीत व्हिएत मिन्ह, म्हणजे हो चि मिन्हची कम्युनिस्टांच्या पुढाकाराची स्वातंत्र्य आघाडी, घुसलं आणि २ सप्टेंबरला हनोईच्या बा दिन्ह चौकात हो चि मिन्हनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला. इकडे पॉट्सडॅमला दोस्तांनी आधीच ठरवून टाकलेलं की जपानी सैन्याची शस्त्रं सोळाव्या अक्षांशाच्या वर चीनने काढून घ्यायची आणि खाली ब्रिटिशांनी. ब्रिटिशांनी म्हणजे कोणी, तर विसाव्या इंडियन डिव्हिजनने. म्हणजे आपली माणसं. हे वाचलं तेव्हा मी ठाकुर्लीला दारात लटकलेली होते आणि मला एकदम वाटलं की सापडला खिळा.

या डिव्हिजनचा प्रमुख जनरल ग्रेसी १३ सप्टेंबर १९४५ ला दक्षिणेतल्या सायगॉनला उतरला. दहा दिवसांत कैदेतून सोडलेल्या फ्रेंच सैनिकांनी, त्याच्याच मेहेरबानीने हत्यारं मिळवून, शहरातल्या सरकारी इमारती ताब्यात घेतल्या, आणि मग जे पेटलं त्यात ग्रेसीने गोरखे, डोग्रा, पंजाबी सगळे वापरलेच, वर ज्यांची शस्त्रं काढायला आला होता त्या जपान्यांनाही कामाला लावलं. नेहरू इथून ओरडत होते की आमचे जवान दुसऱ्यांचं स्वातंत्र्य चिरडायला वापरू नका. माझी गोष्ट तयारच होती, जवान म्हणतात आम्ही गोळी चालवणार नाही. आणि त्याला मुंबईचा धागा पण होता, नाविकांचं बंड, 'तलवार' या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रावर सुरू झालेलं, ज्यांच्या मागण्यांमध्ये भारतीय सैन्य इंडोनेशियातून परत आणा हेही होतं. मुंबईत ठिणगी, सायगॉनमध्ये भडका. मी त्या रात्री दीड हजार शब्द एका दमात लिहिले आणि एक मराठा सुभेदारही घातला, साताऱ्याचा.

दोन दिवसांनी तारखा लावायला घेतल्या आणि माशी शिंकली. नाविकांचं बंड १८ फेब्रुवारी १९४६ चं. ग्रेसी जानेवारीच्या अखेरीसच सायगॉन सोडून गेला होता आणि डिव्हिजनही निघाली होती. म्हणजे माझं बंड सायगॉनला पोचेपर्यंत बंड करायला तिथे जवळपास कोणी उरतच नाही. मग मी बंड चार महिने अलीकडे ओढलं, हा पहिला नियमभंग. तेव्हा लाल किल्ल्यातला आझाद हिंद सेनेचा खटलाही सुरू झालेला नाही, म्हणजे तोही अलीकडे घ्या, हा दुसरा. एक खिळा काढायचा म्हणता म्हणता मी अख्खा दरवाजाच काढून ठेवला होता.

शिवाय तो सुभेदार. विसाव्या डिव्हिजनमध्ये मला मराठा पलटण सापडेना. मराठा लाइट इन्फंट्री तेव्हा होती कुठे, तर सुराबायाला, जावा बेटावर. ऑक्टोबर १९४५ च्या शेवटी एकोणपन्नासाव्या ब्रिगेडमधून मराठे तिथे उतरले आणि चारच दिवसांत इंडोनेशियन तरुणांनी त्यांची अशी गाळण उडवली की ब्रिगेडियर मॅलबीच मारला गेला. आपल्या सातारा-कोल्हापूरकडची पोरं, सहा वर्षांचं महायुद्ध संपलं, आता घरी जायचं अशा तयारीत, आणि परक्या देशाच्या स्वातंत्र्यलढ्यात चुकीच्या बाजूला उभी राहून मेली. हे आपल्याला शाळेत कोणी सांगत नाही. मी सुभेदाराला सुराबायाला पाठवून दिलं, म्हणजे गोष्टीतून काढलं. पण वहीत त्याचं पान अजून आहे, त्याच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

मग सयाम. इथे फार वेळ नाही घालवला. प्रीदी फनोमयोंग नावाचा तिथला नेता खरंच व्हिएत मिन्हच्या बाजूचा होता, त्यांना बँकॉकमध्ये हातपाय पसरू दिले, हत्यारंही पुरवली. पण जून १९४६ मध्ये राजा आनंद महिडोल राजवाड्यात गोळी लागून मेला, प्रीदीवर संशयाचं मळभ आलं आणि नोव्हेंबर १९४७ ला लष्कराने सत्ताच घेतली. राजा जगला असता तर? हे छान सुटसुटीत होतं, एकच खिळा. पण सयामला स्वतःलाच तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नव्हती. जपानच्या बाजूने युद्धात उतरल्याचा दंड म्हणून ब्रिटिशांनी १ जानेवारी १९४६ च्या तहात त्यांच्यावर १५ लाख टन तांदूळ फुकट द्यायची अट घातली होती. ती पुढे सैल केली, पण मुद्दा काय, की तांदूळ. हा शब्द मी तिथे पहिल्यांदा अधोरेखित केला, का ते तेव्हा कळलं नव्हतं.

जपानचं तर अर्ध्या दिवसात आटपलं. त्यांनी बाओ दाईंऐवजी राजपुत्र कुओंग दे याला गादीवर बसवला असता तर, वगैरे. हा बिचारा १९०६ पासून देशाबाहेर, जपानच्या आशेवर म्हातारा झाला आणि ऐनवेळी जपाननेच त्याला टोकियोत ठेवून दिलं. माणूस म्हणून फार ओढ वाटते, पण ऑगस्टमध्ये जपानच कोसळतो, मग गादीवर कोण बसलंय याने काय फरक पडतो.

उरला चीन. खरं तर इथूनच सुरुवात करायला हवी होती. रूझवेल्टला फ्रेंच परत यायला नको होते, १९४३ ला कैरोला त्याने चीनचा नेता चँग कै-शेक याला विचारलंसुद्धा की इंडोचायना, म्हणजे व्हिएतनामसकट तिथला फ्रेंच मुलूख, हवाय का, आणि चँग नको म्हणाला. शहाणा माणूस, हजार वर्षं राज्य करून ज्यांना पचवता आलं नाही त्यांना परत कोण तोंडात घेईल. पण सप्टेंबर १९४५ मध्ये शस्त्रं काढून घ्यायच्या निमित्ताने दीड-दोन लाख चिनी सैन्य टोंकिनमध्ये, म्हणजे उत्तर व्हिएतनाममध्ये, आलंच, चीनच्या दक्षिणेकडच्या युनान प्रांताचा जनरल लु हान याच्या हाताखाली. पाहणाऱ्यांनी लिहून ठेवलंय की फाटके कपडे, सुजलेले पाय, खांद्यावर कावडीत भांडीकुंडी, काहींच्या मागे बायकापोरं. आल्या आल्या आपलं घसरलेलं चलन मनमानी दराने चालवलं आणि बाजार धुऊन नेला. हो चि मिन्हच्या सरकारने 'सुवर्ण सप्ताह' काढला, बायकांनी कानातलं-गळ्यातलं दिलं, ३७० किलोच्या आसपास सोनं जमलं, आणि त्यातलं बरंचसं चिनी जनरलांची तोंडं बंद करण्यात गेलं म्हणतात. हो चि मिन्हच्या नावावर एक वाक्य सांगतात, की चिन्यांची घाण जन्मभर खाण्यापेक्षा फ्रेंचांची थोडे दिवस हुंगलेली बरी. मूळ शब्द यापेक्षा कडक आहे, दिवाळी अंकात छापण्यासारखा नाही.

माझा खिळा असा, चिनी गेलेच नाहीत. खऱ्या इतिहासात २८ फेब्रुवारी १९४६ ला फ्रान्स-चीन करार झाला, फ्रान्सने शांघाय वगैरे शहरांतल्या आपल्या ताब्यातल्या वसाहती सोडल्या, हायफाँग बंदरातून चिनी मालाला मोकळी वाट दिली, त्या बदल्यात चीनने गाशा गुंडाळायचं कबूल केलं. माझ्या गोष्टीत करार फिसकटतो. मी तो भाग लिहून मामांना वाचून दाखवला, ते तेव्हा चिपळूणहून डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले होते, एका डोळ्याला पट्टी, टीव्ही बंद, त्यामुळे ऐकण्याशिवाय त्यांना इलाजच नव्हता.

मामा आयुष्यभर पुरवठा खात्यात, सरकारी गोदामावर. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माणूस किती म्हणालीस?"

"दीड लाख तरी धरा."

"माणशी अर्धा किलो धर, सैन्य आहे, जास्तच खाईल. पंचाहत्तर टन झाले. साडेसातशे पोती. रोज. आणायची कुठून?"

मी म्हटलं मामा, ही गोष्ट आहे. ते म्हणाले गोष्टीतली माणसं जेवत नाहीत का.

त्या रात्री मी सगळं परत काढलं आणि जे आधी वाचून पुढे गेले होते ते थांबून वाचलं. १९४४-४५ चा हिवाळा, टोंकिन आणि उत्तर आन्नाममध्ये (आन्नाम म्हणजे व्हिएतनामचा मधला पट्टा) दुष्काळ. मेलेल्यांचे आकडे चार लाखांपासून वीस लाखांपर्यंत सांगतात, हो चि मिन्हनी जाहीरनाम्यात वीस लाख म्हटलंय. पीक वादळांनी गेलं हे एक. पण जपान आणि फ्रेंच मिळून ठरलेल्या भावाने सक्तीची वसुली करत होते हे दुसरं, आणि भाताच्या शेतात ताग लावायला लावत होते हे तिसरं, कारण बंगालचा ताग जपानला मिळेना आणि पोत्यांना तर ताग लागतो. दक्षिणेत मेकाँगच्या खोऱ्यात तांदूळ पडून होता, इतका की कोळसा मिळत नाही म्हणून वीज केंद्रात भात जाळत होते. तो उत्तरेला न्यायचा तर रेल्वे आणि जहाजं अमेरिकन बॉम्बखाली. त्रान त्राँग किमचं सरकार याच एका कामात हरलं. आणि व्हिएत मिन्ह गावोगाव पसरलं ते मार्क्स सांगून नव्हे, कोठारं फोडा असं सांगून. ऑगस्टमध्ये लाल नदीचे बांध फुटले, सप्टेंबरमध्ये नवीन सरकारने लोकांना सांगितलं की दर दहा दिवसांनी एक जेवण सोडा आणि तो मूठभर तांदूळ गरिबाला द्या, मोकळ्या जागेत रताळी लावा, मका लावा. आणि अशा घरात वर दीड लाख पाहुणे.

आता माझी गोष्ट वेगळ्याच रस्त्याला लागली. चिनी राहिले तर टोंकिनमध्ये १९४६ ला परत माणसं मरणार, हे टाळायचं तर दक्षिणेतून तांदूळ हवा, आणि दक्षिण कोणाकडे? माझ्या बंडानंतर ब्रिटिश लवकर निघून जातात आणि ती जबाबदारी दिल्लीतल्या हंगामी सरकारवर येते. (नेहरूंचं हंगामी सरकारही २ सप्टेंबरचंच, १९४६ चं, हा योगायोग वापरायचा मोह मला आवरला नाही.) म्हणजे वर चीन, खाली भारत. आणि मला अर्थातच भारत चांगला दाखवायचा होता. नेहरू सायगॉनला जातात, फुलं वगैरे, आणि मेकाँगचा तांदूळ जहाजांनी हायफाँगला.

मामा म्हणाले, "कशाला पाठवतील?"

म्हणजे? तर ते म्हणाले मुंबईत त्रेचाळीस साली रेशन आलं, त्यांच्या वडिलांनी गिरगावात रांगा लावलेल्या, बर्माचा तांदूळ बंद झाला होता, बंगालमध्ये लाखो माणसं मेली, सेहेचाळीसला तर देशभर धान्याची बोंब. अशा वेळी दिल्लीच्या हातात मेकाँगचं खोरं आलं तर पहिलं जहाज कुठे जाईल? भाऊच्या धक्क्याला. आणि इथे कोणी विचारणार नाही की पोतं कुठून आलं.

मी वाद घातला, बराच वेळ घातला. पण कागदावर दुसरं काही उत्तर येईना. खऱ्या इतिहासातले नेहरू १९४७ ला दिल्लीच्या आशियाई परिषदेत व्हिएत मिन्हच्या प्रतिनिधींना सहानुभूती देतात आणि मदत मागितली की हात आखडता घेतात, हे आधी वाचून मला राग आला होता. पुढे १९५४ नंतर कॅनडा आणि पोलंडबरोबर व्हिएतनामच्या युद्धबंदीवरच्या देखरेख आयोगाचं अध्यक्षपद आपल्याकडे आलं आणि आपण वर्षानुवर्षं दोन्हीकडच्या तक्रारी नोंदवत बसलो, त्याचीही मी टिंगल केली होती. आता माझ्याच गोष्टीत भारताच्या हातात खरोखरची सत्ता दिली आणि तो त्याच वीज केंद्रासमोर, त्याच गोदामाची किल्ली घेऊन उभा. जवान तेच, साहेब बदललेला. फुलांचा सीन मी काढून टाकला, वाईट वाटलं, पण काढला.

उत्तरेचं टोक मात्र आपोआप जुळलं आणि ते जुळताना मला रात्री एकला उठून पाणी प्यावं लागलं. लु हान युनानचा, आणि युनानचा खरा धनी त्याचा भाऊबंद लाँग युन. लु हान हनोईत असताना ऑक्टोबर १९४५ मध्ये चँगने युनानच्या राजधानीत, कुनमिंगमध्ये, सैन्य घुसवून लाँग युनला उचललं, म्हणजे युनानचं सैन्य व्हिएतनामला पाठवण्यामागे घर मोकळं करणं हाही डाव होता. खऱ्या इतिहासात लु हान गप्प राहिला, त्याला युनानचं गव्हर्नरपद मिळालं आणि त्याच्या पलटणी मांचुरियाला कम्युनिस्टांशी लढायला गेल्या. त्यातली साठावी आर्मी, हनोईत भात खाल्लेली, १९४८ मध्ये चांगचुनच्या वेढ्यात महिनोन्‌महिने अडकली, शहरातली माणसं उपासमारीने मेली, आणि ऑक्टोबरमध्ये ती आर्मी फुटून कम्युनिस्टांना मिळाली. लु हान स्वतः डिसेंबर १९४९ ला कुनमिंगमध्ये तेच करतो. माझ्या गोष्टीत तो कुनमिंगला परतत नाही, हनोईतच ठाण मांडतो, चार वर्षं टोंकिन पिळतो. आणि डिसेंबर १९४९ ला काय करेल? तेच. एका सकाळी हनोईवर लाल झेंडा. मी एवढी उलथापालथ करून हनोई चार वर्षांनी परत तिथेच आणून ठेवलं होतं, फरक एवढाच की झेंडा लावणारा हो चि मिन्ह नाही, चिनी जनरल आहे, आणि हो चि मिन्ह परत जंगलात, यावेळी कम्युनिस्ट भाऊबंदांशीच लढायला. खऱ्या इतिहासात चीन-व्हिएतनाम लढाई १९७९ ला झाली. माझ्याकडे ती १९५० ला सुरू होते आणि मी तिथे गोष्ट थांबवली, कारण शब्द संपले.

संपादकाला पाठवलं. त्याचा मेसेज, मस्त आहे पण यात नेताजी कुठेत? मी म्हटलं का असतील. तर म्हणे १७ ऑगस्ट १९४५ ला त्यांचं विमान सायगॉनहूनच उडालं ना, ते नसते चढले तर काय धमाल, मुखपृष्ठावर घेतो. खरं आहे, सायगॉनहून निघाले, तुरानला म्हणजे आजच्या दा नांगला रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी तैहोकू, म्हणजे तैवानमधलं तैपेई, जिथे अपघात झाला. मी दोन दिवस विचार केला. भारतात कुठलीही 'असं झालं असतं तर' गोष्ट लिहा, पाचव्या पानावर नेताजी विमानातून उतरतातच. मी नाही म्हटलं. मग त्याने सहाशे शब्द कापले, नेमके दुष्काळाचे, म्हणे सणासुदीचा अंक आहे. भांडून तीनशे परत मिळवले, त्यात साडेसातशे पोती वाचली.

अंक निघाला तेव्हा मामा परत चिपळूणला गेले होते. पट्टी निघाली होती, नवीन चष्मा आलेला. मी कुरिअरने पाठवला आणि आठवड्याने फोन आला. लेख कसा वाटला हे नाहीच, सरळ म्हणाले, "हिशोब चुकलाय तुझा."

"अहो तुम्हीच सांगितलेला मामा. साडेसातशे पोती."

"मी निव्वळ सांगितलं. तू लिहिलंयस शंभर किलोची भरलेली पोती. बारदान कोण वजा करणार? तागाचं रिकामं पोतं किलोभर तरी भरतं." मग फोनवरच आकडेमोड केली, मला ती पुटपुटलेली ऐकू येत होती. "साडेसातशे किलो. म्हणजे रोज दीड हजार माणसांचा भात पोत्यांतच गेला."